घरगुती स्टुडिओत निरनिराळ्या बनावटीच्या फ्लॅशांची सांगड

घरातील एखादी खोली मोकळी करून तेथे छायाचित्रणाचा छोटा स्टुडिओ उभारणाऱ्याजवळ एकाच कंपनीचे सर्व दिवे असण्याचा योग क्वचितच येतो. पहिला फ्लॅश कॅमेऱ्याबरोबर घेतलेला असतो. दुसरा, एखादा जुना स्टुडिओ बंद होताना स्वस्तात मिळालेला असतो. तिसरा, काही वर्षांनी हाती चार पैसे आल्यावर नवा विकत घेतलेला असतो. अशा वेळी साहजिकच प्रश्न पडतो की, हे तिन्ही दिवे एकाच चित्रासाठी वापरता येतील काय? विक्रेता बहुधा सांगतो की संपूर्ण संच एकाच बनावटीचा असावा. या सल्ल्यात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच. दिव्याच्या पेटीवर कंपनीचे नाव असते, प्रकाशावर ते नसते. निरनिराळ्या दिव्यांचा प्रकाश तीन बाबतींत जुळला, तर पुढे चित्राकडे पाहून दिवे किती कंपन्यांचे होते हे कोणालाही ओळखता येणार नाही. या तीन बाबी म्हणजे क्षण, मात्रा आणि रंग. प्रस्तुत प्रकरणात त्यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न उद्भवला कसा?

छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली, त्या काळातील छायाचित्रकार दिवसाच्या उजेडावर अवलंबून असत. स्टुडिओला काचेचे छप्पर किंवा उत्तरेकडे मोठी खिडकी असे, आणि पडदे सरकवून प्रकाश कमीअधिक केला जाई. प्रकाशाचा उगम एकच असल्यामुळे त्याच्या दोन भागांत रंगाचा किंवा वेळेचा विसंवाद होण्याचे कारण नव्हते.

१८८७ साली जर्मनीत आडोल्फ मीथे व योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची भुकटी आणि ज्वालाग्राही द्रव्ये यांच्या मिश्रणापासून झगमगाट निर्माण करण्याची रीत प्रचारात आणली. तिच्यात धूर फार होई आणि अपघातही घडत. १९२९-३० च्या सुमारास काचेच्या गोळ्यात धातूचा पातळ वर्ख जाळणारा फ्लॅश-बल्ब आला. एक बल्ब एकदाच उपयोगी पडे. याच सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेच्या साहाय्याने पुन्हा पुन्हा झगमगणाऱ्या नळीवर काम सुरू केले. आजचे सर्व इलेक्ट्रॉनिक फ्लॅश त्याच तत्त्वावर चालतात. धारित्रात विजेचा साठा केला जातो, तो साठा झेनॉन वायूने भरलेल्या नळीतून एकदम सोडला जातो, आणि वायू क्षणमात्र तेजाने उजळतो. स्वित्झर्लंडचा एलिनक्रोम असो, चीनचा गोडॉक्स असो वा भारतात सर्वत्र मिळणारा सिंपेक्स असो, गाभा हाच आहे. म्हणूनच त्यांची सांगड घालणे शक्य होते. मात्र हा साठा मोजण्याच्या, सोडण्याच्या आणि थांबवण्याच्या रीती प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या, आणि अडचणींचे मूळ तेथे आहे.

एक उदाहरण

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक काल्पनिक, परंतु सहज संभवणारे उदाहरण घेऊ. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी कुटुंबांची वस्ती असलेल्या जबलपूर शहरात, राइट टाउनमधील एका घराच्या दहा बाय चौदा फुटांच्या खोलीत असा स्टुडिओ आहे असे समजा. येथे विवाहासाठी पाठवावयाची छायाचित्रे काढून घेण्यासाठी मुलेमुली येतात. शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर भेडाघाट आहे. तेथे नर्मदा संगमरवराच्या उभ्या कड्यांमधून वाहते, आणि धुवांधार धबधब्याकडे जाणाऱ्या वाटेवर संगमरवराच्या व मऊ दगडाच्या मूर्ती कोरणाऱ्या कारागिरांची दुकाने आहेत. अशाच एका कारागिराला आपल्या मूर्तींची छायाचित्रे दूरच्या ग्राहकांना पाठवावयाची आहेत.

ग्राहक दगड पाहत नाही, छायाचित्र पाहतो. चित्रात पांढरा संगमरवर एका बाजूने पिवळसर व दुसऱ्या बाजूने निळसर दिसला, तर घरी पोचलेली मूर्ती त्याला वेगळीच वाटते. तो ती परत करतो, आणि वाहतुकीचा भुर्दंड कारागिरावर पडतो. विवाहासाठीच्या छायाचित्राचेही तसेच. चेहऱ्याचा अर्धा भाग एका वर्णाचा आणि अर्धा दुसऱ्या वर्णाचा दिसला, तर त्या चित्रावरून मत बनवणाऱ्यांची फसगत होते. तेव्हा दिव्यांची जुळणी ही केवळ हौसेची किंवा नीटनेटकेपणाची बाब नाही. चित्र खरे की खोटे, हे तिच्यावर ठरते.

या खोलीत तीन दिवे आहेत. पहिला, घरातील विजेवर चालणारा ३०० वॉट-सेकंदांचा जुना दिवा. त्याला आपण ‘जुना दिवा’ म्हणू. दुसरा, ४०० वॉट-सेकंदांचा ‘नवा दिवा’. तिसरा, कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसणारा, पेन्सिल सेलवर चालणारा ‘छोटा फ्लॅश’. तिघेही तीन कंपन्यांचे आहेत.

पहिली जुळणी : क्षणाची

तिन्ही दिवे शटर पूर्ण उघडे असतानाच उजळले पाहिजेत. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत दोन पडद्यांचे शटर असते, आणि सेकंदाच्या सुमारे १/२०० ते १/२५० भागापेक्षा वेग वाढवला, तर संपूर्ण चौकट एकाच वेळी उघडी राहत नाही. मग चित्राच्या एका कडेला काळा पट्टा येतो. दिवे निरनिराळ्या मार्गांनी उजळवले जात असतील, तर प्रत्येक मार्गात थोडा विलंब होतो. म्हणून शटर १/१२५ वर ठेवणे श्रेयस्कर. स्टुडिओत हालचाल गोठवण्याचे काम बव्हंशी फ्लॅश करतो, त्यामुळे शटर थोडे सावकाश ठेवल्याने नुकसान होत नाही.

दिवे एकाच वेळी उजळवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला तारेचा; तो विश्वसनीय आहे, पण पायात अडकणारा. दुसरा रेडिओचा. यात कॅमेऱ्यावर एक प्रेषक आणि प्रत्येक दिव्याला एक ग्राहक असतो. एका कंपनीचा प्रेषक दुसऱ्या कंपनीच्या दिव्यातील अंगभूत ग्राहकाशी सहसा बोलत नाही. परंतु त्याच कंपनीचा सुटा ग्राहक घेऊन तो तारेने कोणत्याही दिव्याला जोडता येतो. अशा जोडणीत फक्त ‘उजळ’ एवढीच आज्ञा पोचते. दिव्याची शक्ती कमीअधिक करणे कॅमेऱ्यावरून जमत नाही, ते दिव्यापाशी जाऊन हाताने करावे लागते.

तिसरा मार्ग प्रकाशाचा, आणि मिश्र संचासाठी तो सर्वांत सोपा. स्टुडिओतील बहुतेक दिव्यांवर एक छोटा प्रकाशसंवेदी डोळा असतो. दुसऱ्या फ्लॅशचा झगमगाट दिसताच तो आपला दिवा उजळवतो. येथे दिव्याची बनावट पाहण्याचा प्रश्नच उरत नाही. पांढऱ्या भिंतींच्या लहान खोलीत हा मार्ग उत्तम चालतो. उघड्या उन्हात मात्र तो दगा देतो.

एक गोष्ट येथे कटाक्षाने सांभाळावी लागते. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश टी.टी.एल. या स्वयंचलित पद्धतीवर असेल, तर मुख्य झगमगाटाच्या आधी तो मापनासाठी एक बारीक झगमगाट करतो. डोळ्याला वाटते हाच इशारा. स्टुडिओतील दिवे आधीच उजळून रिकामे होतात आणि प्रत्यक्ष चित्र काळे येते. अनेक नवशिके अशा वेळी दिवा बिघडला असे समजतात. उपाय साधा आहे. छोटा फ्लॅश स्वयंचलित पद्धतीवरून काढून हस्तनियंत्रणावर ठेवावा. लाल डोळे टाळण्यासाठी होणारा आगाऊ झगमगाटही बंद करावा.

याच संदर्भात एक धोका सांगणे अवश्य आहे. काही जुन्या फ्लॅशांच्या संपर्कबिंदूंवर दोनशे व्होल्टांहूनही अधिक दाब असतो. जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यांना तो सहन होई. आजच्या कॅमेऱ्यातील इलेक्ट्रॉनिक जोडणी त्याने कायमची निकामी होऊ शकते. आंतरराष्ट्रीय प्रमाणक १०३३० मध्ये यासाठी २४ व्होल्टांची मर्यादा दिलेली आहे. काही कॅमेरे याहून अधिक दाब सोसतात, पण ते त्यांच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच ठरवावे. फ्लॅशचा दाब माहीत नसेल, तर तो कॅमेऱ्याला तारेने किंवा माथ्यावरील खाचेतून जोडू नये. रेडिओच्या ग्राहकालाही अशीच मर्यादा असते. असा जुना दिवा प्रकाशाच्या डोळ्यानेच उजळवावा, म्हणजे त्याचा आणि कॅमेऱ्याचा विजेचा संबंध राहत नाही.

दुसरी जुळणी : मात्रेची

दिव्यावर लिहिलेले वॉट-सेकंद हे धारित्रात साठवलेल्या ऊर्जेचे माप आहे, मूर्तीवर पडणाऱ्या प्रकाशाचे नव्हे. नळीची रचना, परावर्तकाचा आकार, समोरचे कापड यांमुळे ३०० वॉट-सेकंदांचा एखादा दिवा ४०० वॉट-सेकंदांच्या दुसऱ्या दिव्यापेक्षा अधिक प्रकाश देऊ शकतो. छोट्या फ्लॅशची शक्ती तर वॉट-सेकंदांत सांगतच नाहीत, ती मार्गदर्शक अंकाने सांगतात. हा अंक अंतराने भागला की छिद्राचे माप मिळते. उदाहरणार्थ, मीटरमध्ये ३२ मार्गदर्शक अंक असलेला फ्लॅश, १०० आय.एस.ओ. वेगाला, दोन मीटरांवर एफ १६ छिद्र मागतो. पण हे गणित उघड्या फ्लॅशचे. छत्री लावली की दोन स्टॉपांच्या आसपास प्रकाश कमी होतो.

शक्तीचे आकडे लिहिण्याच्या पद्धतीही भिन्न आहेत. एखाद्या दिव्यावर १/१ पासून १/१२८ पर्यंतचे अपूर्णांक असतात, एखाद्यावर १ ते १० असे अंक, तर जुन्या दिव्यावर नुसती फिरकी आणि तिच्याभोवती रेघा. जुन्या दिव्याचा ‘५’ आणि नव्याचा ‘५’ यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही.

म्हणून प्रत्येक छायाचित्रकाराने स्वतःची एक वही करावी. एका वेळी एकच दिवा चालू ठेवावा. त्याला नेहमीची छत्री किंवा सॉफ्टबॉक्स लावावा. एक मीटर अंतरावर फ्लॅशमापक धरावा आणि १०० आय.एस.ओ. वेगाला प्रत्येक शक्तीवर येणारे छिद्र नोंदवावे. मापक नसेल, तर राखाडी कार्डाचे चित्र घेऊन कॅमेऱ्याच्या पडद्यावरील प्रकाशवितरणाचा आलेख पाहावा. कार्डाचे शिखर तिन्ही दिव्यांत एकाच जागी येईल असे छिद्र प्रत्येक वेळी शोधावे. एका सुट्टीच्या दिवसात हे काम होते आणि पुढे अनेक वर्षे उपयोगी पडते. निरनिराळ्या कंपन्यांच्या आकड्यांची भाषा या वहीत एक होते.

मात्रा बदलण्याचा दुसरा मार्ग अंतराचा आहे. लहान उगमापासून येणारा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. दिवा १ मीटरवरून १.४ मीटरवर नेला की प्रकाश निम्मा होतो, २ मीटरवर नेला की चौथाई. मोठा सॉफ्टबॉक्स अगदी जवळ असेल, तर हा नियम तंतोतंत लागू पडत नाही, पण अंदाजासाठी पुरेसा आहे. जुन्या दिव्याची फिरकी एका अर्ध्या स्टॉपवरून दुसऱ्यावर नीट जात नसेल, तर तिला हात न लावता दिवाच मागेपुढे सरकवावा. अर्थात, त्याबरोबर सावलीची कडाही थोडी बदलते, याचे भान ठेवावे. या रीतीचा आणखी एक लाभ आहे. तो रंगाच्या विवेचनात स्पष्ट होईल.

आपल्या उदाहरणात मूर्तीसाठी मुख्य दिव्याचे मापन एफ ८ आणि पूरक दिव्याचे एफ ५.६ ठेवले, तर दोहोंत एका स्टॉपचे अंतर राहते, म्हणजे मुख्य दिवा पूरक दिव्याच्या दुप्पट प्रकाश देतो. कोरीव काम उठून दिसते आणि सावलीतील तपशीलही टिकतो. मूर्तीवरील बारीक नक्षी दाखवावयाची असेल, तर मुख्य दिवा बाजूने आणि किंचित वरून यावा.

तिसरी जुळणी : रंगाची

क्षण आणि मात्रा चुकल्या तर चूक लगेच दिसते. रंगाची चूक मात्र लपून राहते आणि काम ग्राहकाच्या हाती गेल्यावर उघडी पडते. म्हणून मिश्र संच वापरणाऱ्याने सर्वाधिक काळजी येथेच घ्यावयास हवी.

प्रकाशाचा पिवळसरपणा किंवा निळसरपणा केल्विन या मापात सांगतात. फ्लॅशचा प्रकाश साधारणपणे ५,५०० केल्विनच्या आसपास असतो, परंतु प्रत्येक दिव्यात काही शे केल्विनचा फरक आढळतो. कॅमेऱ्यातील श्वेतसंतुलन एका वेळी एकच मूल्य धरू शकते. एका दिव्याला ते जुळवले की दुसरा आपला फरक दाखवतो. संपूर्ण चित्र थोडे पिवळसर असते तर ते मागाहून सुधारता आले असते. उजेड पिवळसर आणि सावली निळसर, असे झाले म्हणजे ती दुरुस्ती अत्यंत कठीण होते. पांढरा संगमरवर हा दोष जराही झाकत नाही.

रंगात फरक का पडतो? याची कारणे चार.

पहिले कारण शक्ती कमी करण्याच्या रीतीत आहे. अनेक जुन्या दिव्यांत शक्ती कमी करताना धारित्रातील विजेचा दाब कमी केला जातो. त्यामुळे प्रकाश पिवळसर होत जातो. छोट्या फ्लॅशमध्ये आणि काही नव्या दिव्यांत दाब तोच राहतो, पण झगमगाट मध्येच तोडला जातो. झगमगाटाचा आरंभ निळसर आणि शेपूट तांबूस असते. शेपूट तोडले की उरलेला प्रकाश निळसर होतो. म्हणजे दोन्ही दिव्यांची शक्ती कमी केली, तर एक पिवळ्याकडे व दुसरा निळ्याकडे, असे ते परस्परविरुद्ध दिशांना जातात. पूर्ण शक्तीवर जुळलेली जोडी १/१६ वर का बिघडते, याचे हे उत्तर आहे. शक्ती शक्यतो चाचणीच्या वेळची ठेवून अंतराने मात्रा साधावी, असे वर म्हटले ते याच कारणासाठी.

दुसरे कारण अतिनील किरणांचे. काही नळ्यांवर हे किरण अडवणारा लेप असतो, काहींवर नसतो. टिनोपालसारखी द्रव्ये दिलेले पांढरे कपडे अतिनील किरणांत निळे चमकतात. लेप नसलेल्या दिव्याच्या बाजूचा सदरा निळसर आणि दुसऱ्या बाजूचा स्वच्छ पांढरा दिसू लागला, तर कारण येथे शोधावे.

तिसरे कारण कापडाचे. सॉफ्टबॉक्सचे किंवा छत्रीचे पांढरे कापड कालांतराने पिवळे पडते. नव्या दिव्याला जुने कापड आणि जुन्या दिव्याला नवे कापड लावले, तर दोष दिव्याचा नसून कापडाचा असतो.

चौथे कारण खोलीचे. घरातील भिंती पिस्ता, गुलाबी किंवा आकाशी रंगाच्या असतात, आणि त्यांवरून परतणारा प्रकाश तो रंग घेऊन येतो. त्या बाजूला पांढरी चादर किंवा थर्मोकोलचे फलक उभे करावेत. छतावरचा ट्यूबलाइट विझवावा. सर्व फ्लॅश बंद ठेवून १०० आय.एस.ओ., १/१२५ आणि एफ ८ वर एक चित्र घ्यावे. ते पूर्ण काळे आले, तर खोलीतील उजेडाची चिंता नाही.

आता जुळवण्याची रीत पाहू. राखाडी कार्ड मूर्तीच्या जागी ठेवावे आणि प्रत्येक दिव्याने, एकट्याने, कच्च्या स्वरूपाच्या फाइलमध्ये एकेक चित्र घ्यावे. संगणकावर श्वेतसंतुलनाचे साधन कार्डावर टेकवून येणारे केल्विनचे आकडे लिहून ठेवावेत. हे आकडे निरपेक्ष मानू नयेत. दिव्यादिव्यांतील अंतर मात्र विश्वासार्ह असते. समजा, जुना दिवा ५,६०० आणि नवा ६,२०० केल्विन निघाला. हा फरक किती मोठा, हे केल्विनच्या वजाबाकीने कळत नाही, कारण तोच सहाशेचा फरक वरच्या आकड्यांत थोडा व खालच्या आकड्यांत फार दिसतो. म्हणून दहा लाखांना केल्विनने भागून मायरेड नावाचे माप काढतात. ५,६०० चे सुमारे १७९ आणि ६,२०० चे १६१, अंतर १८. तेच ३,२०० आणि २,६०० यांच्यात ७२ येते. रंगीत जिलेटिन कागदांची शक्ती मायरेडमध्येच दिलेली असते. सर्वांत फिकट, म्हणजे एक-अष्टमांश नारिंगी कागदाचे मूल्य कंपनीनुसार २० ते २६ मायरेडच्या आसपास असते. तो नव्या दिव्यावर लावला की दोन्ही दिवे जवळजवळ एका रंगाचे होतात. कागद तापलेल्या नळीला चिकटू देऊ नये. फरक हिरवा-जांभळा असेल, तर त्यासाठी वेगळे फिकट हिरवे किंवा किरमिजी कागद मिळतात.

कागद हाताशी नसेल, तर कामाची वाटणी बदलावी. रंगाने जवळचे दोन दिवे चेहऱ्यावर किंवा मूर्तीवर पडू द्यावेत. जो दिवा सर्वांत वेगळा असेल, त्याला पार्श्वभूमीकडे वळवावे. राखाडी वा रंगीत पडद्यावर थोडा निळसरपणा कोणालाही खटकत नाही. दोन भिन्न रंगांचे दिवे एकाच गालावर किंवा मूर्तीच्या एकाच पृष्ठभागावर एकमेकांत मिसळू देणे, ही गोष्ट टाळावयाची आहे. मुख्य दिवा एकच ठेवून पूरक दिव्याऐवजी पांढरा फलक वापरला, तर हा प्रश्नच मिटतो. फलकाला स्वतःचा रंग नसल्यामुळे तो मुख्य दिव्याचाच प्रकाश परत पाठवतो.

जोडसामग्री आणि वीज

सॉफ्टबॉक्स दिव्याला बसवण्याची कडी प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकते. ब्रिटनच्या बोवेन्स कंपनीची कडी मात्र इतकी रूढ झाली की, १९२३ मध्ये स्थापन झालेली ती कंपनी २०१७ साली बंद पडल्यानंतरही अनेक उत्पादक तीच कडी वापरतात. नवा दिवा घेताना ही कडी असलेला घेतल्यास पुढील जोडसामग्री सहज मिळते. इतर कड्यांसाठी जोडकडी मिळते. छत्री मात्र बहुतेक सर्व दिव्यांना चालते, आणि थोड्या पैशांत सुरुवात करणाऱ्याला तीच सोयीची.

विजेविषयी दोन शब्द. दिव्याला भूसंपर्क असलेली तीन पिनांचीच जोडणी द्यावी. दोन मोठे दिवे एकाच वेळी भरू लागले की प्रवाह बराच ओढतात, म्हणून ते एका हलक्या जोडतारेवर लावू नयेत. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर दिवा लावण्यापूर्वी त्याची माहितीपुस्तिका पाहावी. काही इन्व्हर्टरांची वीज घरातील विजेसारखी सरळ लहरीची नसते व दिव्याला ती मानवत नाही. बराच काळ पडून असलेला जुना दिवा एकदम पूर्ण शक्तीवर उडवू नये. कमी शक्तीवर काही वेळ चालू ठेवून धारित्र पूर्ववत होऊ द्यावे. मे महिन्यात जबलपूरचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. तेव्हा दोन झगमगाटांमध्ये अधिक वेळ सोडावा. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, कोणताही फ्लॅश स्वतः उघडू नये. विजेतून काढल्यानंतरही त्याच्या धारित्रात प्राणघातक साठा शिल्लक राहू शकतो.

सांगड केव्हा घालू नये?

काही कामांत मिश्र संच टाळणेच योग्य. नृत्य किंवा उडते पाणी यांसारखी वेगवान हालचाल टिपताना एका दिव्याचा झगमगाट दुसऱ्यापेक्षा लांब असेल, तर स्पष्ट आकृतीभोवती पुसट आकृती उमटते. कापडाच्या छटा अचूक दाखवावयाच्या सूचीपत्रासाठी एकाच बनावटीचे दोन दिवे केव्हाही बरे. लग्नसमारंभासारख्या धावपळीत, जेथे कॅमेऱ्यावरून दिव्यांची शक्ती बदलावी लागते, तेथेही एकाच कंपनीची व्यवस्था सोयीची पडते. घरातील स्थिर मूर्ती आणि स्थिर बसलेली व्यक्ती यांच्यासाठी मात्र या मर्यादा आड येत नाहीत.

सारांश असा की, नवा दिवा विकत घेण्यापूर्वी असलेल्या दिव्यांची परीक्षा करावी. प्रत्येक दिवा एकटा पेटवून त्याचा क्षण, त्याची मात्रा आणि त्याचा रंग वहीत उतरवावा. मग त्यांना जोडीने लावावे, आणि काम देण्यापूर्वी छपाई किंवा पडद्यावरील चित्र प्रत्यक्ष वस्तूशेजारी धरून दिवसाच्या उजेडात पाहावे. भेडाघाटच्या कारागिराने दगड निवडताना त्याची छटा डोळ्यांनी पारखलेली असते. ती छटा चित्रात जशीच्या तशी उतरली, म्हणजे दिव्यांनी आपले काम केले. त्यांच्यावर कोणत्या कंपनीचे नाव होते, हे त्या चित्रात कोणी शोधणार नाही.